सोनेरी दातांना चिकटपट्टी

"राउटर न्या, पण त्यातलं मोडेम कार्ड बसवायला माणूस पाठवतो," दुकानदार म्हणाला, तेव्हा वेष्टणराव हसले. "माणूस कशाला? मी काय मेलोय?" (सगळं महाभारत घडलं ते या एका वाक्यापायी.)

वेष्टणराव हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. तीस वर्षं गोदामात स्टोअरकीपर. गुंडाळल्याशिवाय एक वायसरही त्यांनी हातातून सोडला नाही. निवृत्तीनंतर घराची पाळी आली. रिमोट प्लॅस्टिकमध्ये, सोफा प्लॅस्टिकमध्ये. (पाहुणे टेकले की त्यांच्याआधी सोफाच बोलायचा.) मागे टॉर्चच्या सेलनासुद्धा वेष्टण चढलं होतं आणि आठ दिवस टॉर्च का लागत नाही, ते बायकोनं शोधून काढलं होतं.

आज चार वाजता मुलीची व्हिडिओवर मुलाखत होती. दोन नकार पचवून मिळालेली संधी. घरात फोनला रेंजची जेमतेम एक काडी, म्हणून तर हा राउटर. आणि लेकीचं काम व्हावं म्हणून आईनं मौन धरलेलं: सूर्योदयापासून मुलाखत संपेपर्यंत शब्द नाही, लिहूनसुद्धा नाही.

बोटभर कार्डाच्या कडेला सोनेरी दातांची ओळ होती. ते उघडे दात पाहून वेष्टणरावांच्या काळजात चर्र झालं. "धूळ बसेल की!" त्यांनी दातांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली, कडा कात्रीनं सुबक कापल्या, कार्ड खाचेत सरकवलं आणि स्क्रू आवळला. दारातून हे पाहणाऱ्या बायकोनं कपाळाला हात लावला. (त्यांना वाटलं, डोकं दुखतंय.)

लॅपटॉपवर अक्षरं उमटली: मोडेम कार्ड सापडलं नाही.

"सापडलं नाही? माझ्या गोदामात असतास ना, तर मेमो दिला असता!" वेष्टणरावांनी राउटरला दम भरला. तीनदा बंद करून चालू केला. शेवटी दुकानदाराला फोन लावला.

"कार्ड नीट बसलंय ना, काका?"

"हलवून दाखवा!"

"दात स्वच्छ आहेत?"

"स्वच्छ? धुळीचा कण शिवणार नाही, अशी सोय केलीय मी."

"मग कार्डच खराब असेल. संध्याकाळी पाचनंतर बदलून देतो."

"बाबा, तीन वाजून गेले!" मुलीचा आवाज रडवेला झाला.

"काळजी करू नकोस. अर्धं काम झालंय."

"कुठलं अर्धं?"

"स्क्रू लावलाय."

आता बायको टॉर्च घेऊन पुढे आली. सेलला प्लॅस्टिक गुंडाळून तिनं बटण दाबलं. अंधार. प्लॅस्टिक काढलं, बटण दाबलं. झगझगीत उजेड थेट नवऱ्याच्या डोळ्यांत. मग तिनं राउटरकडे बोट केलं.

"अगं, दिवसाउजेडी दिसतंय मला सगळं!"

तिनं रिमोट नाचवला. "टीव्ही? आत्ता?" सोफ्यावर थापटी मारली. "बसायला वेळ आहे का मला?"

चारला दहा मिनिटं उरली तेव्हा तिनं देवाचं स्मरण केलं, नवऱ्याच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला, प्लग उपसला, कार्ड काढलं आणि नखानं चिकटपट्टी सोलली. कार्ड परत बसवून प्लग लावला. राउटरवर हिरवा दिवा लागला.

"बघ! मी म्हटलं नव्हतं, अर्धं काम झालंय म्हणून?" वेष्टणराव छाती फुगवून म्हणाले.

मुलाखत सुरू झाली. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "तुमच्याकडे धुकं पडलंय का?" मुलीनं गुपचूप कॅमेऱ्यावरची पट्टी काढली. पुढची वीस मिनिटं तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. "सोमवारपासून कामावर या," असं पलीकडून आलं, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"आता सुटलं ना मौन? बोल काहीतरी," वेष्टणराव कौतुकाच्या आशेनं म्हणाले.

ती प्रसन्न हसली. "सकाळी देवाला म्हटलं, पोरीच्या वाटेत विघ्न येऊ देऊ नकोस. तो तरी काय करणार? विघ्न चिकटपट्टी घेऊन आधीच घरात येऊन बसलं होतं!"