तात्यांची काळी चिमूट

मायाप्पातात्यांचा उजवा अंगठा कायम काळा असे. बाळांनो, ती शाई नव्हे. संपलेला सेल दिसला की ते तो दगडाने फोडत, पोटातली काळी पूड चिमटीत चोळत आणि निकाल देत, "ब्येस माल!" नाहीतर "कचरा!" बारामतीजवळच्या जळोची गावात ते आमचे शेजारी होते. त्यांच्या धाकाने मी रेडिओतले सेल कपाटात कुलूप लावून ठेवी.

नव्वदीच्या त्या वर्षांत बारामतीत ज्याला त्याला शेअर घ्यायचे होते. तात्यांनी नुकताच आपला शेवटचा मेंढरांचा कळप विकला होता. ते पैसे त्यांच्या बायकोच्या, गंगूबाईंच्या, कानाच्या मशीनसाठी होते. आणि तात्या माझ्याकडे आले ते ग्राफाइटच्या, म्हणजे सेलच्या काळ्या पुडीत घालतात त्या खनिजाच्या, दोन खाणकंपन्यांच्या शेअरचे फॉर्म घेऊन! बॅटरीवाल्यांना सर्वांत शुद्ध माल आम्हीच पुरवणार, असं दोन्ही कंपन्या सांगत होत्या.

"बाई, विंग्रजी तुमाला येतं. ह्यातली खरी कुठली?"

"तात्या, आधी मशीन घ्या."

"मशीन घ्यायचंच हाय. पर आदी खाण."

"आणि खाण बुडाली तर?"

"म्हणून तर हात लावल्याबिगर मेंढरू घेत न्हाय आमी. लिवा त्यास्नी, नमुना धाडा म्हणावं."

मी दोन्हीकडे शुद्ध इंग्रजीत पत्रं लिहिली. मेंढराचा उल्लेख तेवढा गाळला.

एका कंपनीने गुळगुळीत रंगीत पुस्तक पाठवलं. दुसरीने, कसं कोण जाणे, खरोखरच डबीभर काळी पूड धाडली. तात्यांनी अंगणात मांडी ठोकली. लोकर पारखावी तशी चिमूट चोळली, डोळे मिटले, पुन्हा चोळली. शेजारी गंगूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. आपल्या कानांचा फैसला चाललाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी मात्र ते रंगीत पुस्तक हातात धरून उभी.

"खरखरतंय," तात्या म्हणाले. "वाळू हाय ह्यात!"

"आणि ही दुसरी?" मी पुस्तक पुढे केलं.

"जो मेंढरू दावत न्हाय, त्याच्याकडं मेंढरूच न्हाय. फाडा फारम."

मी जुनी पाकिटंसुद्धा जपून ठेवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ते फॉर्म मी चार-चार तुकडे करून फाडले.

आठवड्याने मशीन आलं. काडेपेटीहून थोडी मोठी पेटी, त्यातून कानात जाणारी वायर. पेटीच्या झाकणावर काळ्या अंगठ्याचा ठसा.

मला राहवेना. "तात्या, तुम्हाला खाण कशाला हवी होती हो?"

वर्गातल्या ढ मुलीकडे मी बघायची, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मशीनला सेल लागतुया न्हवं? उद्या दुकानात सेलच न्हाय आलं, तर हिनं काय करायचं? खाणच आपली असली म्हंजे घोर न्हाय."

इतकी वर्षं त्यांच्या घरातला शब्दन् शब्द मला कुंपणाअलीकडे ऐकू येई. "जेवलीस का?" एवढं विचारायलाही तात्यांना वेशीपर्यंत पोचेल असं ओरडावं लागे. त्या संध्याकाळी ते ओसरीवर गंगूबाईंजवळ सरकून बसले आणि काहीतरी बोलले. गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या खुदकन हसल्या.

तात्या काय बोलले, ते मला ऐकू आलं नाही.