दुआन आजोबांचं निधन आणि माझं लग्न

म्हातारं कुणीही होतं. म्हातारं दिसणं ही कला आहे, आणि अख्ख्या दाली शहरात ती माझ्याइतकी कुणाला साधलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो! वय सत्तावन्न, दात सगळे स्वतःचे, गुडघे शाबूत. पण रोज संध्याकाळी देवळाच्या चौकात दोन माणसं मला काखेत हात घालून आणायची, तेव्हा समोरच्या बाकांवरच्या बायका डोळ्यांना रुमाल लावायच्या.

आमचं वादकांचं मंडळ आहे. वाडवडील हेच सूर देवासमोर वाजवायचे, आम्ही तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांसमोर वाजवतो. फरक एवढाच, की देव मधेच उठून जात नसे.

मंडळाचे प्रमुख यांग मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवायचे काही थांबले नाहीत. त्यांचं म्हणणं, पाहुणे संगीत ऐकायला येतच नाहीत. सकाळी सरोवर बघतात, दुपारी पॅगोडे बघतात, डोंगर ढगात असला तर ढग बघतात, आणि संध्याकाळी त्यांना एखादा जुनाट माणूस बघायचा असतो. आमचा ढोलवाला एक्क्याऐंशीचा. तो वाजवता वाजवता झोपतो. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात.

आमच्या पाठीमागच्या भिंतीवर गेलेल्या वादकांचे फोटो, काळ्या फिती लावून, ओळीने. दर हिवाळ्यात बाकावरचा एखादा उठून भिंतीवर जातो. भिंत भरत चाललीय आणि बाक मोकळं होत चाललंय. त्या ओळीची थट्टा कुणी करत नाही. मास्तरसुद्धा तिच्यासमोरून जाताना टोपी काढतात.

तर आमचे नव्वदीचे एक वादक भिंतीवर गेले आणि गर्दी ओसरली. मास्तरांनी सगळ्यांकडे नीट पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या केसांवर थांबली. बायको गेली त्या वर्षीच ते पांढरे झाले होते. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी याकच्या शेपटीची दाढी आणली, खळ लावून माझ्या हनुवटीवर चिकटवली, आणि जाहीर केलं की हे दुआन शिरुन आजोबा, वय वर्षं चौऱ्याऐंशी. त्यात नाव तेवढं माझं खरं होतं.

मला काय! घरी कोण होतं विचारायला? दिवा लावायचा आणि त्याच्यासमोर बसून एकट्याने भात गिळायचा. त्यापेक्षा चौऱ्याऐंशीचं होऊन चार लोकांत बसलेलं बरं.

देवळाच्या दाराशी सूचिनची शेगडी असते. ती दुधाचे पापड काठीला गुंडाळून निखाऱ्यावर भाजते, आत गुलकंद भरून विकते. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. कार्यक्रम संपला की मी दाढी काढून खिशात घालायचो आणि तिच्या शेगडीशी हात शेकत बसायचो. जळका पापड निघाला की ती मला द्यायची. पुढे पुढे माझ्या असं लक्षात आलं की रोज एक पापड जळतोच. इतकी वर्षं भाजणाऱ्या बाईच्या हातून रोज जळतो म्हणजे काय ते मी समजलो आणि एकदाचं विचारून टाकलं. ती निखारे सारखे करत म्हणाली, "माझी ना नाही. दादाने होकार दिला की ग्रामदेवाच्या कानावर घालू."

कारण आमच्यात ग्रामदेवाच्या कानावर घातल्याशिवाय काहीच होत नाही. त्याला सांगितल्याशिवाय माणूस जन्मत नाही, त्याचं लग्न लागत नाही, आणि मेला तरी मेल्यात जमा होत नाही.

हा दादा म्हणजे बाओचांग. शियाग्वानला असतो. जन्मभर ट्रक चालवलेला, आवाज तिकडच्या वाऱ्यासारखा. रविवारी मला बघायला येणार होता. शनिवारीच आला आणि वाट वाकडी करून तिकीट काढून आमच्या चौकात बसला.

त्या दिवशी मास्तरांना नेमका चेव चढला होता. आजोबांना तीनदा अर्धांगवायू झालाय, म्हणाले, दोन बायका त्यांनी पोचवल्यात, डावा डोळा गेलाय आणि उजवा जायच्या बेतात आहे. मी तरी कशाला मागे राहतो? मी असा खोकलो, असा खोकलो, की पहिल्या रांगेतला एक डॉक्टर उठून उभाच राहिला! मग मास्तर म्हणाले, ज्यांना दीर्घायुष्य हवं असेल त्यांनी आजोबांच्या दाढीला हात लावावा. रांग लागली. रांगेत एक आडव्या अंगाचा गृहस्थ आला, त्याने दाढी चांगली मुठीत धरली आणि खाली वाकला.

"आजोबा, माझ्या बहिणीचं नाव सूचिन. ते दुआन शिरुन तुम्हीच का?"

त्याच्यामागे चाळीस पाहुणे मान उंचावून बघत होते. मास्तर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. त्या क्षणी माझ्यातला नवरदेव मागे हटला आणि कलावंत पुढे आला. मी कानामागे हात धरला आणि म्हणालो, "आं?"

बाओचांग तडक दाराशी गेला. तो तिथे काय म्हणाला ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. याच्यापेक्षा तुला पॅगोड्याला देतो, म्हणाला. तो निदान स्वतःच्या पायावर उभा आहे! सूचिन बिचारी सांगत होती की दाढी खोटी आहे, वय खोटं आहे. त्यावर तो म्हणाला की दाढी मी स्वतः ओढून पाहिलीय, तसूभर हलली नाही. मास्तरांची खळ फार चांगली असते.

मी ओळखपत्र घेऊन निघालो, तर मास्तर आडवे आले. तू त्या ट्रकवाल्याला खरं सांगितलंस, म्हणाले, की उद्या शियाग्वानचा अख्खा ट्रकतळ ते सांगत सुटेल, आणि एकदा पाहुणे बंद झाले की ही म्हातारी माणसं सकाळी उठायची कशासाठी? त्यांच्यामागे ढोलवाला झोपला होता. मला वाईट वाटलं. आमचा घात नेहमी या वाईट वाटण्यानेच होतो.

मग मास्तर जरा विचार करून म्हणाले, "आजोबांना जाऊ दे. आज रात्री, झोपेत, काही त्रास न होता. आठवड्याने तू त्यांचा मुलगा म्हणून ये. बाप चौऱ्याऐंशीचा, मुलगा सत्तावन्नचा, जमतंय की. नाव मी चुकून तुझं घेत होतो असं त्या ट्रकवाल्याला सांगू."

मला ते पटलं! बोहल्यावर चढायला आधी मरावं लागतंय यात काही खटकलंसुद्धा नाही. फक्त भिंतीवरच्या त्या ओळीत आजोबांचा फोटो लावायचा, याबद्दल मी कुरकुर केली. मास्तर म्हणाले, लहानसा फोटो, अगदी टोकाला, आठवडाभर. आणि सूचिनला ते स्वतः सगळं समजावून सांगणार होते. पुढे ते विसरले. श्रद्धांजलीचं भाषण लिहायचं होतं ना!

मेलेल्याने बाजारात हिंडू नये म्हणून मला डोंगरावरच्या एका लहानशा मठात धाडण्यात आलं. तिथे एक भिक्खू. तो बोलत नाही. सकाळी मुळा, संध्याकाळी मुळा, मधल्या वेळात धुकं. फोन लागत नाही. ढगात बसून मी रोज स्वतःच्या लग्नाचा विचार करायचो, पण त्या हवेत लग्नाचा विचारसुद्धा तेराव्यासारखा वाटायचा.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. मास्तरांच्या भाषणाला चौक भरून वाहिला. आपण जरा जास्तच बोललो असं वाटून बाओचांगही परत आला होता. त्याने भिंतीवर फोटो पाहिला आणि टोपी काढली. सूचिन दूध आणायला सरोवरापलीकडे गेली होती. त्याने तिला फोन केला आणि म्हणाला, "तुझा दुआन गेला गं."

दाढी खोटी हे तिला माहीत होतं. चौऱ्याऐंशी खोटं हेही माहीत होतं. पण त्या ओळीत कुणी खोटा फोटो लावेल हे आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तिने कुणाला काही विचारलं नाही. होडीतून उतरली, एक कोंबडा घेतला आणि थेट ग्रामदेवासमोर जाऊन उभी राहिली. त्याला कुणी नाही, म्हणाली, त्याच्या घरचं मीच. देवळातल्या भजनी म्हाताऱ्यांनी लाकडी मासा, म्हणजे भजनातला पोकळ ठोकळा, बडवत, घसा ताणून मला रीतसर पोचवलं.

आठवड्याने मी खाली उतरलो. माझ्या दाराला पांढरा कागद आणि अंगणात पंगत! आठ वाडग्यांचं साग्रसंगीत दुखवट्याचं जेवण. मी विचारात पडलो की आपल्या घरात आपल्याशिवाय गेलं कोण? शेवटच्या बाकावर जागा होती, तिथे बसलो. शेजाऱ्याने न बघताच माझा पेला भरला आणि सुस्कारा सोडला. माणूस चांगला होता, म्हणाला, पण वाजवायचा बेसूर. मग त्याने वर पाहिलं. पेला त्याने परत स्वतःकडे ओढून घेतला.

सूचिन भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली. ते खाली ठेवलं, माझ्यापाशी आली आणि माझा गाल चिमटीत धरून ओढला. गाल निघेना. मग तिने डाव उचलला आणि माझ्या खांद्यात घातला.

"मी रडले," ती म्हणाली. एवढंच. आणि पातेलं उचलून पुढच्या पंगतीला वाढायला गेली.

एवढं कुणी माझ्यासाठी कधी केलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते खांदा दुखत होता म्हणून असं मी सगळ्यांना सांगितलं. बाओचांगने माझं ओळखपत्र उजेडात धरून उलटंसुलटं केलं. सत्तावन्न, जिवंत आणि बहिरा नाही, म्हणाला, मग माझी काही हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही ग्रामदेवाकडे गेलो. आधी मी जिवंत आहे हे सांगायचं आणि मग लग्नाचं. आमचा देव तसा भला आहे. कधीकाळचा सेनापती, स्वतःची लफडी करून बसलेला, त्यामुळे माणसांना समजून घेतो. पण फसवलेलं त्याला खपत नाही. भजनी म्हाताऱ्यांची मुख्य चांग आजी. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तुला तर आम्ही पोचवलंय, म्हणाली, आणि कोंबडाही खाल्लाय. आता कुठल्या तोंडाने सांगू?

तरी तिने कौल लावला. दोन लाकडी फाळ्या जमिनीवर टाकायच्या. एक उताणी एक पालथी पडली की देवाचा होकार. हा मेलाच नव्हता, असं धरावं का? दोन्ही पालथ्या. मेला होता पण परत आला, असं धरावं का? दोन्ही पालथ्या. दुपार व्हायला आली. मागच्या खोलीत आज्यांचं जेवण गार होत होतं आणि त्यांचा गळा कोरडा पडत होता. बाओचांगला बस गाठायची होती.

शेवटी चांग आजीच म्हणाली, "मेलेला परत येत नसतो. आलाच तर जन्माला येतो. याला नव्याने जन्मलेला सांगू."

सगळ्यांना हायसं वाटलं! मला पाटावर बसवलं, डोक्यावरून लाल दुपटं घातलं, हातात बारशाचं लाल रंगवलेलं अंडं दिलं. मी पाय दुमडून शक्य तेवढा लहान झालो. लाकडी माशावर ठोके पडू लागले. चांग आजीने देवाला सांगितलं की गावात एक मुलगा झालाय, वजन चांगलं आहे. आणि मग तिने मागे वळून विचारलं, "बाळाला देवासमोर कोण धरणार?"

ठोके थांबले. माझी आई जाऊन जमाना झाला. बहीण नाही, चुलती नाही. एकेक म्हातारी दुसरीकडे बघायला लागली. या वयात पदरात मूल कोण घेणार? देव वाट बघत होता. मी दुपट्याखाली अंडं धरून बसलो होतो आणि मला एकदम फार एकटं वाटलं.

तेवढ्यात माझ्या डोक्यावर हात आला. सूचिनचा. कुणी असं एकटं बसलेलं तिला बघवतच नाही.

"मी धरते," ती म्हणाली.

चांग आजीचा चेहरा उजळला. देवा, हे सूचिनचं लेकरू, सांभाळ, असं म्हणून तिने फाळ्या टाकल्या. एक उताणी, एक पालथी! सकाळपासूनचा पहिला होकार! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सगळ्यात आधी टाळ्या थांबल्या त्या बाओचांगच्या.

मग आम्ही पुष्कळ गयावया केली. पण चांग आजी म्हणाली, एका मुलाला दोन आया चालतील एक वेळ, पण आईला तोच मुलगा नवरा म्हणून कसा चालेल? तरी आमच्या समाधानासाठी तिने एकदा कौल लावून पाहिला. दोन्ही पालथ्या. त्यातली एक घरंगळत पार दाराबाहेर गेली.

आता अमावस्या-पौर्णिमेला मी सूचिनच्या पाया पडतो. ती थंडीआधी माझी रजई उसवून पुन्हा भरते, मी जेवलो का ते विचारते आणि जळका पापड देत नाही, चांगला देते. बाओचांग मामा झाल्यापासून मला फार उपदेश करतो.

परवा सूचिनने माझ्यासाठी मुलगी पाहिली. पलीकडच्या काठाची आहे, विधवा आहे, कमी बोलते. देवाने पहिल्याच खेपेला कौल दिला.