देवरावभाऊंची बसणारी गाडी

आमच्या शेजारचे देवरावभाऊ रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी गाडीपुढं उभे राहायचे आणि म्हणायचे, "उठ माय, उठ. ऊन वर आलं." आणि गाडी खरंच उठायची. आधी मागून, मग पुढून, गाईसारखी. रात्रभर ती अंगणात पोट टेकून बसलेली असायची. यवतमाळात तेव्हा कोणाच्या अंगणात गाय बसे, कोणाच्या स्कूटर उभी असे. बसणारी मोटार फक्त देवरावभाऊंकडे.

गाडी मूळची एका जिनिंगवाल्या शेटची. परदेशी, काळी, लांबलचक. चाकांवर लोखंडी स्प्रिंगाच नाहीत, हवेच्या पिशव्या; हवा उतरली की गाडी बसे, पंपानं भरली की उठे. कापसाचं सगळंच बिघडलं त्या वर्षांत जिनिंगला कुलूप लागलं, शेट गाव सोडून गेले आणि जाताना गाडी येईल त्या भावात देऊन गेले. घेणारे देवरावभाऊ. घरावर मजला चढवायचे पैसे त्यांनी त्यात घातले. गल्ली म्हणाली, देवराव पागल झाला. मी तोंडावर म्हणाले, तर हसून म्हणतात कसे, "ताई, तुमी एकदा आत बसून पाहा. पोटातलं पाणी हालत नाही."

भाऊ जन्मभर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बोंडातला कापूस चिमटीत धरायचा, धागा ओढायचा आणि बोलायचं: हा चांगला, हा ओला, हा परत न्या. तीच सवय घरी. गल्लीतल्या माणसांचीही त्यांनी प्रत लावून ठेवलेली. माझे यजमान "लांब धाग्याचे", समोरचे मास्तर "कचरा जास्त". मला काय म्हणत ते मी कधी विचारलं नाही.

आणि गाडीचा खर्च त्यांना रुपयात सांगताच येत नसे. पुढचा एक दिवा फुटला, त्याची किंमत नागपूरहून कळली, तर भाऊ ओट्यावर येऊन बसले. "ताई, एक दिवा म्हणजे एक बंडी कापूस वो!" बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, तीही काठोकाठ भरलेली. पुढच्या वर्षी हवेचा पंप गेला. दिव्याच्या वेळी विचारला तेव्हा तो तीन क्विंटलला होता, आता पाच क्विंटलला पडला. मी म्हटलं, महाग झाला वाटतं. तर म्हणाले, "पंप तेवढ्यालेच आहे. कापूस पडला."

दाराची काच आपल्या मनानं दाराच्या पोटात उतरायची. भाऊंनी तिला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीची पाचर मारली होती. डिकी रस्त्यात आपोआप उघडायची, म्हणून सुतळी. सुकाणूपुढच्या पाटीवर परक्या भाषेत लाल अक्षरं उगवायची आणि टूं टूं वाजायचं. मग भाऊ म्हणायचे, "हाव हाव, आयकू आलं. वरडू नको." गल्लीच्या टोकाला रफिकभाई ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि मायेनं बंद केलं. "चाचा, ट्रॅक्टर लाओ, रोडरोलर लाओ. इसमें तो मेरा हाथ ही नहीं घुसता." नागपूरचा मिस्त्री तर सरळ म्हणाला, काका, विकून टाका. भाऊ त्याच्याकडे पुन्हा गेले नाहीत. "तिची तब्येत बरी नाही, तर इकाव का?" एवढंच बोलले.

हे सगळं कशासाठी, ते गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नसे. भाऊंची बायको कमल. तिच्या पाठीचा मणका सरकलेला. एसटीचा एक हबका बसला तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा भाऊंनी जीप सांगितली होती, तर ती शहराबाहेर पडेपर्यंत कमल बेशुद्ध. आणि कमलची माय राळेगावच्या पलीकडं एका खेड्यात, ऐंशीच्या पुढची, डोळे पार गेलेले. माणसाबरोबर निरोप यायचे, एकदा येऊन जा म्हणावं. कमल निरोप ऐकायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि स्वयंपाकघरात जायची. भाऊ एकदा शेटच्या गाडीतून गेले होते, तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता म्हणे, आणि बशीत थेंब पडला नव्हता. बस. तेवढ्यावर गाडी घेतली.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी गाडी उठली ती अशी ताठ उठली की भाऊ म्हणाले, "ताई, चाला. आज तिचं मन आहे." कमलला मागं निजवलं, मी पायथ्याशी बसले.

खोटं सांगत नाही, तो प्रवास मला अजून दिसतो. काचा बंद केल्या आणि जग गप्प झालं. आवाज नाही, हादरा नाही. कळंब आलं, गेलं. दोन्हीकडं पांढरी शेतं सरकत होती की आम्ही, काही कळेना. वेचणाऱ्या बाया वर पाहायच्या, त्यांची तोंडं हलायची, शब्द येत नसत. कमल डोळे मिटून होती. मग हळूच म्हणाली, "आवो, आपन चालून राह्यलो का उभेच आहो?"

"चालून राह्यलो," भाऊ म्हणाले. आवाज असा, जणू झोपलेल्या लेकराजवळ बोलताहेत.

राळेगाव मागं पडलं. गाडी खेड्याच्या कच्च्या रस्त्याला लागली. आणि माहेराच्या अगदी तोंडाशी, शिवारातच, तिनं एक लांब सुस्कारा सोडला आणि बसली. टूं टूं वाजलं. लाल अक्षरं आली. भाऊ खाली उतरले, पुढं उभे राहिले. "उठ माय. एवढंच राह्यलं. उठ." गाडी ढिम्म. दहा वेळा म्हणाले असतील. शेवटच्या वेळी नुसता बॉनेटवर हात ठेवला.

बाया वेचणी सोडून आल्या. त्यांतली एक कमलच्या शाळेतली निघाली, भागी. "माय वो, कमल! अन् हे काय, एवढी मोठी गाडी अन् डबऱ्यातल्या म्हशीवानी बसली?" मग तिला पाठीचं सांगितलं. भागी म्हणाली, "माही बंडी उभी आहे. कापसानं भरली आहे. कापसाले भाव नाही, पन निजाले तर येते ना?"

भाऊ बंडीजवळ गेले. कोपरापर्यंत हात आत घातला, इकडून, तिकडून, तळापासून. ओल असती तर पाठ धरली असती कमलची. भागी कमरेवर हात ठेवून पाहत होती. "मांगच्या साली माहा कापूस तुमीच ओला म्हनून परत धाडलता, भाऊ. आता काय म्हन्ता?"

"कोरडा आहे," भाऊ म्हणाले.

"हेच तवा म्हनाले काय झालतं!" बाया खदखदून हसल्या. भाऊही हसले, पण मान खाली घालून.

चौघींनी कमलला उचलून कापसावर ठेवलं. ती त्यात हळूहळू बुडाली, नुसतं तोंड वर. बैल पावलापावलानं निघाले. मी बाजूनं चालत होते, जीव मुठीत धरून. प्रत्येक दगडाला तिच्या तोंडाकडं पाही. कमल आभाळाकडं पाहत होती. भाऊ आले नाहीत. "काच पाचरीवर आहे हिची, एकटी कशी सोडू? तुमी व्हा पुढं," म्हणाले. मला रागच आला. वळून पाहिलं तर पांढऱ्या शेतात गाडीचं काळं टप तेवढं वर, आणि आत भाऊ सुकाणू दोन्ही हातांनी धरून बसलेले.

माय ओसरीत होती. तिनं कमलला हातानं पाहिलं. आधी खांदे, मग गाल, मग डोकं. तिथं तिचा हात थांबला. "केस किती भुरभुरे झाले वो बाई," ती म्हणाली. "माही पोरगी बुढी झाली का?" कमल पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

तेवढ्यात भाऊ दारात आले. गाडी तशीच शिवारात सोडून, पायी, धुळीनं भरलेले. त्यांनी ते ऐकलं असावं. "नाही नाही, आई," ते म्हणाले, "कापूस लागला डोक्याले. बंडीत निजून आली ना. काढतो मी."

आमच्याकडं त्या वयाचा माणूस चारचौघांत बायकोच्या केसाला हात लावत नाही. भाऊ तिच्यामागं मांडी घालून बसले. एकेक पुंजका काढून खाली ठेवू लागले. मायचा हात आता कमलच्या गुडघ्यावर, वाट पाहत. बाया दारात उभ्या होत्या. कोणी हसलं नाही.

"निघाला का जावईबापू?" मायनं विचारलं.

"निघून राह्यला, आई," भाऊ म्हणाले. "निघून राह्यला."

कापूस कधीच संपला होता. त्यांची बोटं चालूच होती.