वटवट की चऱ्हाट?

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळघरात मोठी जलवाहिनी फुटली. ती दुरुस्त करण्यापूर्वी पाणीबचतीवर मार्गदर्शन व्हावे, असे साहेबांनी ठरवले. कर्मचारी सभागृहात जमले. फिटर हातात पाना घेऊन व्यासपीठाच्या पायरीशी परवानगीची वाट पाहत उभा राहिला. साहेब थेंबावरून समुद्रावर आणि समुद्रावरून स्वतःच्या बालपणावर आले, तेव्हा तो शेजारच्या कारकुनाच्या कानाशी लागला.

"ही वटवट संपली की मला खाली सोडा. तळघर भरतंय."

माईक जवळच होता. सगळ्या सभागृहाने ऐकले. दुर्दैवाने साहेबांनीही.

फिटर जागच्या जागी निलंबित झाला. निलंबित माणसाला कार्यालयीन पाना हाताळता येत नाही, म्हणून पानाही जप्त झाला. शहराचे नळ कोरडे पडले.

"अहो, 'भाषण' म्हणायचं की!" घरी बायको म्हणाली. "जीभ झिजली असती?"

"कारकुनाच्या कानात हळूच सांगत होतो गं. सुटलं तोंडातून."

"आता नोकरीही सुटेल!"

चौकशी समितीपुढे पेच पडला. नियमांत 'बडबड' म्हटल्यास ताकीद होती, 'बाष्कळ' म्हटल्यास बडतर्फी. 'वटवट' कुठेच नव्हती. सबब, भाषातज्ज्ञ बाईंना पाचारण करण्यात आले.

"वटवट हा आवाजावरून आलेला शब्द," बाई म्हणाल्या. "त्यात आवाज असतो, अर्थ नसतो."

"साहेबांच्या भाषणाला अर्थ होता?" अध्यक्षांनी साक्षीदारांना विचारले.

साक्षीदार एकमेकांकडे पाहू लागले. भाषण कोणीच ऐकले नव्हते. तेव्हा न्यायाच्या हितासाठी साहेबांनी ते पुन्हा केले आणि मागच्या वेळी राहून गेलेले मुद्देही घेतले. मधल्या काळात पाणी जिना चढून सभागृहात आले. समितीने पाय खुर्चीवर घेतले.

"ही वटवट नव्हे," बाई अखेर म्हणाल्या. "हे चऱ्हाट. चऱ्हाट म्हणजे दोर. वळावा तितका लांबतो."

सभागृह गारठले. साहेबांनी मात्र क्षणभर विचार केला आणि त्यांची कळी खुलली.

"दोर! म्हणजे मजबूत! विहिरीतून पाणी काढायला दोरच लागतो. नोंद घ्या."

नोंद घेतली गेली. फिटरचा गुन्हा आता फक्त चुकीचा शब्द वापरल्याचा उरला. 'साहेबांच्या चऱ्हाटास मी अनवधानाने वटवट म्हणालो, याबद्दल दिलगीर आहे,' असे त्याच्याकडून लिहून घेण्यात आले. सही करताना त्याने ओठ घट्ट दाबून धरले होते.

पाना परत मिळाला. भरलेल्या तळघरात बुड्या मारून त्याने जलवाहिनी जोडली आणि ओल्या कपड्यांनी रस्त्यावर आला.

"पाणी आलंय! भांडी लावा!"

सार्वजनिक नळाभोवती सगळी वस्ती जमली होती. पण निकाल गावभर झाला होता आणि वाद रंगात आला होता.

"टकळी म्हणजे मुळात सूत कातायची चाती. फिरतच राहते!" एक आजोबा सांगत होते.

"मग गुऱ्हाळ काय कमी चालतं?" एक मावशी हंडा टेकवून कडाडल्या.

"अहो, पाणी..." फिटर म्हणाला.

"थांबा हो जरा, महत्त्वाचं चाललंय!"

नळ भळाभळा वाहत होता. पाणी सगळ्यांच्या पायांखालून गटाराकडे निघाले होते.

आणि तुम्ही? खरं सांगा, तो नळ शेवटी कोणी बंद केला, हे तुम्हाला तरी विचारावंसं वाटतंय का? की तुम्हीही अजून वटवट आणि चऱ्हाट यांतल्या फरकापाशीच अडला आहात?