पहिला सेट बोलतो

"सेट बोलणार म्हणजे बोलणारच! नाही बोलला तर चाचणी विभाग सोडते आणि कॅंटीनमध्ये कप विसळत बसते!"

चाचणीबाईंनी हे भर बैठकीत, थेट छोट्या साहेबांच्या तोंडावर सांगितलं. वीस वर्षांत ज्या बाईंचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही गेला नव्हता, त्यांचं हे बोलणं ऐकून शिपायाच्या हातातला ट्रे तिरका झाला!

प्रकरण तसं होतंच. कारखाना वायरलेस सेट आणि टेलिफोन एक्स्चेंज बनवणारा. छोट्या साहेबांच्या आजोबांनी मागच्या शेडमध्ये बसून पहिली जोडी बनवली होती: एक बोलायचा सेट, एक ऐकायचा. दोन्ही त्याच शेडमध्ये धूळ खात पडलेले. आता छोट्या साहेबांना शेड पाडून तिथे गाड्या लावायच्या होत्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वर्धापनदिनाला मी शेडमधून कारखान्याचा इतिहास सांगतो. सभागृहात ऐकू आला तर शेडचं संग्रहालय करू. नाही आला तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला!"

बाई कामाला लागल्या. बोलायच्या सेटला एरियलच्या जागी दिवा जोडून पाहिला. दिवा लख्ख पेटला, म्हणजे सेट ठणठणीत! ऐकायचा सेट घरी नेऊन दुरुस्त केला. तोही सुरू झाला, पण कारखान्यापासून इतक्या लांब नुसती खरखर येई. सासूबाई कावल्या.

"अगं, हा रेडिओ आहे की चुलीवरचं आधण? बंद कर ती फसफस!"

"झालंच, आई," म्हणत बाईंनी आवाजाची कळ पिळली आणि सकाळी सेट उचलून तडक सभागृहात नेला. दोन्ही सेट वेगवेगळे तपासले होते, अगदी शास्त्रशुद्ध. दोघांची गाठ तेवढी कधी घालून पाहिली नव्हती.

आणि एक गोष्ट राहिली. आजोबांनी पहिल्या जोडीला जी फ्रीक्वेन्सी दिली, तीच कारखान्याच्या स्वतःच्या वापरातल्या प्रत्येक वॉकीटॉकीला देण्याचा इथे रिवाज होता. श्रद्धेने! फाटकावर तीच, कॅंटीनमध्ये तीच, भोंग्याच्या खोलीतही तीच. सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

सभागृह भरलं. पाहुणे आले, कामगारांची बायकामुलं आली, सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या. तिकडे शेडमध्ये साहेबांनी कानाला जुने हेडफोन लावून भाषण सुरू केलं. इकडे ऐकायचा सेट गप्प.

बाईंनी एरियल हलवलं. गप्प. पाठीमागचं झाकण उघडलं. गप्प.

"अगं ऐक ना," सासूबाई म्हणाल्या.

"आई, थांबा हो जरा!"

बाईंनी एक व्हॉल्व्ह काढून परत बसवला. तेवढ्यात फाटकावरचे सुभेदार दारात येऊन ताठ उभे राहिले. "बाई, फाटक उघडलं. बसच्या रांगेतली सगळी माणसं आत घेतली. कुठे बसवू?"

"कुठली माणसं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"येईल त्याला आत घ्या, असा हुकूम आलाय!"

सुभेदारांच्या मागून कॅंटीनवाला घामाघूम होऊन धावत आला. "जेवण गच्चीवर पोचलं, बाई! पाणी कुठवर आलंय?"

"कसलं पाणी?"

"पुराचं!"

पुराचं नाव निघताच सभागृहात गलका उडाला. निम्मे लोक खुर्च्यांवर चढले. प्रमुख पाहुणे खिडकीकडे धावले आणि किंचाळले, "अहो! माझी गाडी कुठे ढकलताहेत ते?"

बाहेर सहा-सात जण त्यांची पांढरी गाडी मागच्या शेडकडे ढकलत होते. तालात, जोर लावून!

बाईंना काही उमगेना. हातात पेचकस, डोक्यात भुगा. "सुभेदार, हे सगळे हुकूम देतंय तरी कोण?"

"छोटे साहेब! वायरलेसवर! थोरल्या साहेबांसारखा आवाज काढून!"

मग बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. साहेबांना नकला करायची हौस. भाषणात आजोबांचे जुने हुकूम जसेच्या तसे गरजत असणार. पहिल्या दिवसाचा, पुराच्या वर्षाचा, बंद पडलेल्या पहिल्या मोटारीचा! आणि वायरलेसवर हुज्जत घालायची नाही, आधी करायचं मग विचारायचं, हा आजोबांचाच नियम माणसं निष्ठेने पाळत होती.

"म्हणजे बोलायचा सेट चालतोय!" बाई आनंदाने ओरडल्या. लोक खुर्च्यांवर, जेवण गच्चीवर, आणि बाईंच्या तोंडावर हसू! "मग हा का बोलत नाही?"

"तेच केव्हाची सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. "काल मी बंद करायला लावला, तो आवाज वाढवलास का पुन्हा?"

बाईंनी कळ फिरवली. सभागृह दणाणलं.

"...आणि शेवटच्या दिवशी आजोबा म्हणाले, शाबास! काम झालं! भोंगा वाजवा आणि सगळे घरी जा!"

भोंगा वाजला.

छोटे साहेब शेडमधून बाहेर पडले ते खिडकीतून, कारण दारात गाडी अडकली होती. सभागृहात पोचले तेव्हा तिथे बाई, सासूबाई आणि लालबुंद पाहुणे एवढेच उरले होते.

"सगळे गेले कुठे?" साहेबांनी विचारलं. "ऐकू आलं नाही का?"

"आलं, साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "सगळीकडे."

साहेब शब्दाला जागले. शेड वाचली, संग्रहालय झालं. पहिल्या जोडीपुढे त्यांनी स्वतः पाटी लावली: 'सेट चालू स्थितीत आहेत. कृपया चालू करू नयेत.'

पण ते पुढचं. त्या दिवशी पाहुण्यांना शांत करायला चहा हवा होता, आणि हुकुमाचा ताबेदार कॅंटीनवाला केव्हाच घरी पोचला होता. पैज जिंकलेल्या चाचणीबाई मोरीपाशी बसून कप विसळू लागल्या.

"अगं," मागून सासूबाई म्हणाल्या, "तो नळ बारीक कर. किती तो आवाज!"