धुक्याच्या राज्यात सरदार पायपुसणे

आपल्या राज्यात कुणी हसणार नाही, असं चष्मेवाल्यानं पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. राज्य त्याचं स्वतःचं होतं, तेव्हा अधिकारही त्याचाच. दोन वर्षं खपून त्यानं ते उभं केलं होतं, दुकानात गिऱ्हाईक नसताना, डोळे तपासायच्या कागदांच्या कोऱ्या पाठींवर. त्या राज्यात कायम धुकं असे. डोंगर दिसत नसत, नुसते आहेत असं वाटे. तळ्याकाठी एक राणी बसलेली असे, आणि आपण कुणाची वाट पाहतोय हे तिला स्वतःलाच आठवत नसे. हे वाक्य सुचलं त्या दिवशी त्यानं एका बाईंना डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली होती.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, की मागच्या खोलीत खेळ सुरू व्हायचा. वर मोठी, खाली बारीक होत जाणारी अक्षरं भिंतीवर, त्यांच्या शेजारी ओळीनं रिकाम्या फ्रेमा, आणि शटरखालून आत आलेलं ऊन पार टेबलाच्या पायापर्यंत. खेळ साधा होता. चष्मेवाला सूत्रधार. तो गोष्ट सांगणार. बाकीचे गोष्टीतलं एकेक माणूस होणार आणि आपण काय करतो ते सांगणार. जिथे जिवावरचा प्रसंग, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडले तर बेडा पार, एक पडला तर खेळ खलास.

आणि नावं सूत्रधाराला विचारून ठेवायची. ह्या बाबतीत तो फार कडक होता, कारण ह्याआधीचं एक अख्खं राज्य त्यानं एका नावापायी गमावलं होतं. कुणीतरी आपल्या जादूगाराचं नाव चमचा ठेवलं होतं. अजगर पंधरा मिनिटं शाप देत होता आणि अजगराचे शत्रू हसून हसून टेबलाखाली गेले होते. तेव्हापासून त्यानं एक जाड वही केली. मंजूर झालेलं नाव त्या वहीत पक्क्या शाईनं चढायचं, ते बदलता यायचं नाही. त्याची मोठी बहीण, ताई, शाळेची बस चालवायची, ती झाली ज्वालाक्षी. शेजारच्या गाळ्यात कवळ्या बनवणारे दातवाले झाले तमोनाश. एकमेकांना हाक मारताना दोघांचीही जीभ अडखळायची, पण हसू मात्र येत नव्हतं, आणि चष्मेवाल्याला तेवढंच हवं होतं. खरं म्हणजे त्याला एकच गोष्ट हवी होती. राज्याच्या शेवटी राणी निरोप घेईल तेव्हा खोली अशी गप्प व्हावी, की बाहेरून जाणाऱ्या सायकलचा आवाज ऐकू यावा. तेवढं झालं की दोन वर्षांचं सार्थक झालं असतं.

अशात त्याचे सासरे राहायला आले.

सासूबाई गेल्यापासून ते फारसं बोलत नव्हते. चौतीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले होते त्यांनी, आणि आता दिवसभर खिडकीशी बसून असत. बायकोनं फर्मान काढलं की रविवारी बाबांनाही खेळायला न्यायचं. चष्मेवाल्यानं नेलं. माणूस सासरा असला की त्याला काय काय विचारायचं नाही ह्याची जावयाला चांगली कल्पना असते, म्हणून त्यानं नावाचा नियम सांगितला तो सुद्धा आडून आडून. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, वही पुढे ओढली, खिशातलं पेन काढलं आणि मीटरचा आकडा लिहावा तसं ठसठशीत अक्षरात स्वतःच लिहून टाकलं: सरदार पायपुसणे.

ताईनं पदर तोंडाला लावला. दातवाल्यांना अचानक खोकला झाला. चष्मेवाला वहीकडे बघत राहिला, पण सासऱ्यांना नाही म्हणण्याची त्याची छाती नव्हती, आणि शाई तर त्याच्याच नियमाप्रमाणे पक्की होती.

घरी त्यानं बायकोपाशी तक्रार केली. ती म्हणाली, बाबा आज जेवताना दोन वाक्यं बोलले, तुमच्या राणीचं काय ते तुम्ही बघा. मग त्यानं आपल्यापुरता एक बेत केला. नाव खोडता येत नाही, पण सरदार मरू शकतो. पहिल्याच वळणावर त्याला मानानं वीरमरण द्यायचं, छान चार ओळी म्हणायच्या, आणि सासऱ्यांना दुसरा माणूस घ्यायला लावायचा, त्याचं नाव ह्या खेपेला आपण सुचवायचं. दोन आठवड्यांचं काम, असा त्याचा हिशेब होता.

पुढच्या रविवारी त्यानं धुक्यातला पूल तोडला. मधल्या फळ्या नाहीशा झाल्या, खाली तळ न दिसणारी दरी. पुढे कोण जातं, असं त्यानं विचारलं, आणि विचारताना फक्त सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी बोटानं टेबलावर फटीची रुंदी मोजली. मग म्हणाले, सरदार त्या फटीवर आडवा पडेल, बाकीच्यांनी अंगावरून जावं. "तेवढं जमतं त्याला," ते म्हणाले. फासा टाकला. वीस पडले. ज्वालाक्षी आणि तमोनाश सरदाराच्या पाठीवरून दरी ओलांडून गेले, आणि ताईनं पलीकडे पोचल्यावर, कुणी सांगितलं नसताना, सरदाराला हात देऊन उभं केलं.

चष्मेवाल्यानं त्या आठवड्यात एक द्वारपाल तयार केला. काळ्या दगडाचा, तीन माणसं उंच. जो थोर कुळातला नाही त्याचा तो जागच्या जागी दगड करत असे. ह्यातून पायपुसणे सुटणं शक्यच नव्हतं. खर्जातला आवाज लावून, खोलीतल्या फ्रेमा थरथरतील असा, चष्मेवाला गरजला की कोण आहेस आणि कशाला आलास. सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं, सरदार टोपी काढतो आणि म्हणतो, मीटर बघायला आलोय.

चष्मेवाला थांबला. जगातला कुठलाही द्वारपाल मीटर बघायला आलेल्या माणसाला काय म्हणणार? फासा टाकला, एकोणीस पडले, आणि तीन माणसं उंच काळ्या दगडानं वाकून जिन्याखालची जागा दाखवली. ताईला हसता हसता ठसका लागला. दातवाल्यांनी डोळे पुसले. राज्य ह्या वेळीही हातचं चाललंय हे चष्मेवाल्याला लख्ख दिसलं.

त्याच्या पुढच्या रविवारी ताईनं जाहीर केलं की आजपासून मला बादली म्हणा, ज्वालाक्षी म्हणताना दात दुखतात. दातवाल्यांनाही मग राहवेना, ते कवळी व्हायला तयार झाले. चष्मेवाल्यानं डोक्याला हात लावला. पण ते दोघं आपसात खिदळत असताना सासऱ्यांनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा पडलेला होता.

"तुम्ही गंमत करताय का?" त्यांनी विचारलं.

ताई गोंधळली. म्हणाली, काका, तुम्हीच तर सुरुवात केलीत.

"मी नाही केली," सासरे म्हणाले. मग ते बरंच बोलले, ह्या खोलीत पहिल्यांदाच. चौतीस वर्षं रोज साठ-सत्तर दारं. बेल वाजवायची आणि आत घ्यायचं की नाही हे आतल्या माणसाचं ठरेपर्यंत उभं राहायचं. कुठे उभं राहायचं, तर पायपुसण्यावर. उन्हात, पावसात. काही घरांनी नाव विचारलं नाही, काहींनी चेहरा बघितला नाही, पण पायाखाली ते असायचं, चिखल असला तरी चालवून घ्यायचं. एका दाराशी तर फाटून त्याचे दोनच धागे उरले होते, तरी होतं. त्यांची बायको म्हणायची, अशा कुणाचं तरी एकदा नाव घ्यायला पाहिजे. "म्हणून सरदार केला त्याला," ते म्हणाले, "हसायला नाही."

ताईनं हळूच सांगितलं की ज्वालाक्षीच राहू दे. चष्मेवाला वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करत होता. त्याला मनातून लाज वाटत होती. सरदाराला मारायचा बेत त्यानं तिथेच सोडून दिला, आणि उरलेल्या पानांतले सगळे सापळे घरी जाऊन खोडून टाकले.

मग रविवार एकामागून एक फार सुखाचे गेले. धुकं विरळ होत होतं, डोंगर होते तिथेच दिसू लागले होते, आणि ज्वालाक्षी, तमोनाश आणि सरदार पायपुसणे एका तराफ्यावरून आवाज न करता तळं ओलांडत होते. तळ्यात आकाश नव्हतं, नुसता प्रकाश होता. चष्मेवाला हे सांगताना डोळे मिटून घ्यायचा आणि बाकीचेही मिटायचे. शटरखालचं ऊन सरकत सरकत भिंतीवरच्या सगळ्यात बारीक अक्षरांवर जाऊन बसायचं. सासरे घरी दुपारचा चहा स्वतः करू लागले होते. बायको नवऱ्याकडे अशा काही नजरेनं बघायची, की लग्नानंतर पहिल्यांदाच आपण काहीतरी बरोबर केलंय असं त्याला वाटे.

शेवटी सगळे राणीपाशी पोचले. आपण कुणाची वाट पाहतोय ते राणीला आठवलं. ती धुकं उचलायला तयार झाली, फक्त तिच्या जागी कुणीतरी काठावर कायमचं थांबायला हवं होतं. हे दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं, ते बदलायचं चष्मेवाल्याला सुचलंच नव्हतं. तिघांनी फासा टाकायचा, ज्याचा सगळ्यात लहान आकडा तो थांबणार. ताईला अकरा पडले, दातवाल्यांना सात. सासऱ्यांनी फासा टाकला, तो घरंगळत वहीला जाऊन टेकला, आणि चष्मेवाल्यानं झटक्यात त्यावर हात ठेवला.

"बारा," तो म्हणाला.

सासऱ्यांनी चष्मा नाकावर नीट केला. "एक आहे, जावईबापू. मला स्पष्ट दिसला."

"बाबा, हात लागला माझा. पुन्हा टाका."

"नको. पडला तो पडला." त्यांनी जावयाचा हात अलगद बाजूला केला. मग सरदाराच्या आवाजात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच आवाजात, म्हणाले, "थांबतो मी. सवय आहे मला. तुम्ही पुढे व्हा. जाताना पाय पुसून जा."

खोली गप्प झाली. बाहेरून एक सायकल गेली, तिची सैल झालेली साखळी सुद्धा ऐकू आली. दातवाले भिंतीकडे तोंड करून बसले होते, ताईच्या गालावरून पाणी येत होतं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते अगदी जसंच्या तसं चालू होतं, आणि राणीच्या निरोपाचं पाठ केलेलं भाषण चष्मेवाल्याला म्हणताच येईना, कारण सगळ्यांत मोठ्यानं तोच रडत होता.

पुढच्या रविवारी नवं राज्य सुरू झालं. सासऱ्यांना दुसरा माणूस घ्यायचा होता. चष्मेवाला मनात म्हणत होता, पायपुसणे नाही तर उंबरा म्हणोत, कडी म्हणोत, बेल म्हणोत, काहीही चालेल. सासऱ्यांनी पेन काढलं आणि सावकाश लिहिलं: सम्राट प्रतापादित्य शौर्यकेतू.

"तुम्हाला ते आधीचं आवडलं नव्हतं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी तुमचा चेहरा बघितला होता मी. ह्या वेळी तुमच्या राज्याला शोभेलसं आणलं."

सम्राट प्रतापादित्य शौर्यकेतू चार तास खेळले. पूल लागला तेव्हा त्यांनी सेवकांना पुढे पाठवलं. कुणी हसलं नाही. प्रत्येकानं प्रत्येकाचं नाव पूर्ण घेतलं. चष्मेवाल्यानं आयुष्यात इतका शिस्तीचा खेळ चालवला नव्हता, आणि सव्वापाचला ताई तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघत होती.

शटर ओढून घेताना त्याला राहवलं नाही. बाकीचे निघून गेले होते, सासरे पायरीवर चपला घालत होते.

"बाबा," तो जरा चाचरत म्हणाला, "ह्या सम्राटांना घरी लाडानं काहीतरी म्हणत असतील ना?"

सासऱ्यांनी चपलेचा पट्टा नीट बसवला, उभे राहिले, आणि रस्त्यावरच्या पिवळ्या उन्हात खूप लांबवर बघितलं.

"म्हणतात की," ते म्हणाले. "पण तुमची त्यांची अजून तेवढी ओळख नाही."