डावीकडचं बटण

तेजराव काकांच्या घरी टीव्हीवरचा गेम खेळताना डावीकडच्या बटणाला हात लावायची परवानगी कोणालाच नव्हती. त्यांना स्वतःलाही नव्हती.

गेम म्हणाल तर याहून साधा गेम जगात नसेल. पाटीएवढी एक चपटी पेटी, तिच्यावर दोन गोल बटणं. रेडिओचं बटण फिरवावं तसं ते फिरवलं की टीव्हीच्या काळ्या पडद्यावर एक पांढरी दांडी वर-खाली सरकायची. डाव्या बटणाची दांडी डावीकडे, उजव्या बटणाची उजवीकडे. मधे एक चौकोनी ठिपका, त्याला बॉल म्हणायचं. बॉल दांडीवर आपटला की 'टुक' असा आवाज व्हायचा आणि तो परत फिरायचा. दांडी हुकली की समोरच्याला गुण. संपला गेम. बालवाडीतलं पोरगंही एका चहाच्या वेळात शिकेल.

पण मला तो शिकायला अख्खा पावसाळा लागला, कारण तेजराव काकांनी तो नियमात बसवला होता.

काका मेहकरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात त्यांनी गाड्या फलाटाला लावल्या आणि प्रवाशांना लक्ष द्यायला सांगितलं. निवृत्त झाल्यावर गाड्या राहिल्या स्टँडवर, पण नियंत्रण त्यांच्याबरोबर घरी आलं. सकाळी ते भिंतीपलीकडून मला पुकारत, "मास्तर, चहा फलाटाला लागला!" दूधवाल्याला रोज दारातच "लेट आहे" असा शेरा मिळे. तो बिचारा म्हणे, "काका, म्हैस काय टाइमटेबल पाहून पान्हा सोडते?" त्यावर काका आपला ठरलेला प्रश्न विचारत, "पन हे नियमात बसते का?"

मी त्यांचा भाडेकरू. हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.ए., बी.एड. झालो आणि मेहकरच्या शाळेत लागलो, तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारी आलो. माझ्यासारख्या नवख्या, एकट्या पोराला खोली द्यायला लोक दहा प्रश्न विचारत. काकांनी एकच विचारला.

"संध्याकाळी काय करता?"

"काही नाही."

"मंग राहा."

त्या दोन शब्दांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

पहिल्याच संध्याकाळी बोलावणं आलं. तेव्हा मेहकरात टीव्ही बोटांवर मोजावे इतके. काकांचा टीव्ही सरकत्या दारांच्या लाकडी कपाटात होता. पडद्यावर चित्रांपेक्षा मुंग्याच जास्त दिसत, त्यामुळे तो बहुतेक गेमसाठीच लागे. समोर स्टुलावर ती पेटी. स्टुलाच्या पायांना दोन्ही बाजूंनी विटा लावून ते पक्कं केलेलं. उजवीकडे लाकडी खुर्ची, डावीकडे जमिनीवर एक रिकामा पाट. मी सहज पाटावर बसायला गेलो.

"अं हं! तिथं नाई. खुर्चीवर."

"बरं. मग डावीकडून कोण खेळणार?"

"कोनी नाई."

"मग मी कोणाशी खेळू?"

"बॉलशी खेळा न."

डावी दांडी मध्यापेक्षा जराशी खाली, खिळा मारल्यासारखी उभी होती. मी उजवं बटण फिरवून बॉल टोलवला. बॉल डाव्या दांडीच्या वरून निघून गेला. पडद्यावर माझ्या नावाने एक गुण उमटला. मी खूश.

"दंड!" काका म्हणाले.

"कशाचा? मला तर गुण मिळाला."

"बॉल चुकला तुमचा. दांडी आहे तिथंच आहे न? हालली का ती?"

"नाही."

"मंग चुकलं कोन?"

या हिशेबाने मी जितका जिंकत होतो तितका हरत होतो. दंड म्हणजे लसूण सोलायचा. शेजारी परातीत लसणाचे गड्डे ठेवलेलेच असत. सुरुवातीच्या दिवसांत मी इतका जिंकलो, की काकांच्या भाजीचा ठसका पार गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा.

शिवाय बाकीचे नियम. पाटावरून पाय ओलांडायचा नाही. खोलीत जोरात चालायचं नाही. दार लोटायचं, आपटायचं नाही. पेटीवरची धूळ फक्त काका पुसणार, तीही फुंकरीने. मांजरीला प्रवेश बंद. आळीपाळीने खुर्चीवर बसायचं, आणि आपली पाळी नसताना बोलायचं नाही. हा शेवटचा नियम काका स्वतः पाळत नसत. माझ्या प्रत्येक फटक्याची ते सूचना देत, "खाले, खाले… थोडं वर… लेट झाले मास्तर, लेट झाले!"

दूधवाला एकदा खेळून गेला आणि गल्लीभर सांगत सुटला, "तेजरावच्या गेमपरीस तलाठ्याची परीक्षा सोपी हाये."

एकदा मी धीर करून म्हणालो, "काका, गेम साधा आहे. साधाच खेळू या ना. एका बाजूने तुम्ही, एका बाजूने मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साधं काई नसते, मास्तर. स्टँडवरून लोणारची गाडी निघते, लोकाईले वाटते डायवरनं चावी फिरवली अन् निघाली. मांगं किती भानगडी असतात."

मी शिकलो. त्या न हलणाऱ्या दांडीवर नेमका बॉल पाठवायची सवय हळूहळू हाताला लागली. मग कधी कधी असं व्हायचं, की बॉल जायचा आणि यायचा, जायचा आणि यायचा. टुक… टुक… टुक… अशा वेळी काकांच्या सूचना बंद पडत. ते गप्प बसून राहत. मला वाटे, दंड करायला मिळत नाही म्हणून बिचारे हिरमुसले.

दिवाळीत त्यांचा भाचा आला, विश्वास. बोटीवर नोकरीला. ही पेटीही त्यानेच पूर्वी कुठल्याशा बंदरातून आणून दिलेली. मनाने फार चांगला माणूस, येताना मामासाठी काही ना काही आणायचाच. या वेळी त्याने नवा गेम आणला होता. त्यात कॅसेट घालायची. हातात धरायला निराळी पेटी, तिच्यावर बटणंच बटणं. तो मोठ्या उत्साहाने सांगत होता, "मामा, याच्यात विमानं आहेत, बॉम्ब आहेत, बोगदे आहेत. एक मजल मारली की पुढची आणखी अवघड. तुम्हाला नियम आवडतात ना? याच्यात नियमच नियम आहेत बघा."

मलाही वाटलं, काकांना आता स्वर्ग दोन बोटं उरणार. पण ते पुस्तिकेतली चित्रं लांब धरून पाहत राहिले.

"हे वर तीन विमानं कायले काढले?"

"ते तुमचे जीव. तीन जीव मिळतात."

"तीन?"

"हो. एकदा मेलात तरी परत उभे राहता."

"मेलेला मानूस वापस येते?"

"गेम आहे मामा!"

काकांनी पुस्तिका मिटली. "नाई बा. हे काई नियमात बसत नाई."

विश्वास हसला. मामाची गंमत त्याला ठाऊक होती. "एकदा खेळून तर बघा," म्हणत तो उठला. टीव्हीला वायर जोडायची जागा एकच. नवा गेम लावायचा तर जुना काढायला हवा. मी "अहो, थांबा," म्हणेपर्यंत त्याने पाटावरून पाय टाकला आणि एका हाताने जुनी पेटी उचलून काखेत मारली.

डावं बटण त्याच्या सदऱ्याला घासून गरकन फिरलं.

काका उभे राहिले. मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार. दूधवाल्याच्या पाच मिनिटांसाठी आवाज चढवणारा माणूस. पण ते नुसते त्या बटणाकडे बघत होते.

"काय झालं मामा? बटणच तर फिरलं. परत फिरवा की."

"ठेव," काका म्हणाले. "ठेव बापा ते खाले."

पेटी पुन्हा स्टुलावर आली, वायर जोडली, टीव्ही लागला. डावी दांडी पार वरच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. काकांचा हात डाव्या बटणापर्यंत गेला आणि तिथून मागे आला.

"मास्तर, तुमी फिरवा. कुठी होती ते तुमाले मालूम आहे."

मी वाकून बटण फिरवलं. दांडी खाली आणली.

"आनखीन खाले. नाई नाई, वर. इतकी नाई." ते पडद्याजवळ गेले, मागे आले, खुर्चीत बसून पाहिलं. मी ठेवीन ती जागा त्यांना खरी वाटे आणि लगेच खोटी वाटे. मलाही खात्रीने सांगता येईना. शेवटी ते म्हणाले, "रोज पाह्यली. रोज पाह्यली, अन् आता नाई आठवून राह्यली."

मग आमच्यापैकी कोणाकडेही न बघता ते बोलू लागले.

"मंजुळानं ठेवलं होतं ते."

मंजुळाबाई म्हणजे काकांची बायको. मी खोली घेतली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्या गेल्या होत्या. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. माझी त्यांची ओळख तेवढीच.

"याने पेटी आनली तवा मी तिले सगळं समजावून सांगलं. असा बॉल येते, असं बटन फिरवायचं, इतके गुन झाले का जागा बदलायची. तर हसे. म्हने, अवो, बॉल आला का वापस पाठवायचा, याच्यात इतकं काय? पाटावर बसे, बटन एका जागी ठेवे, अन् लसून सोलत राहे. पाहे बी नाई पडद्याकडे. बॉल निंघून गेला का मी म्हनो, मंजुळा, चुकली तू. तर म्हने, माही दांडी आहे तिथंच आहे, तुमचाच बॉल चुकला." ते जरासे हसले. "पाहिजे तं वाद घाला तिच्यासंग. मंग मीच शिकलो तिच्या दांडीवर बॉल पाठवाले."

विश्वास खाली बसला.

"त्या दिसी बी खेळलो. सोललेला लसून घेऊन उठली. म्हने, भाजी टाकून येतो, मंग खेळू. फोडनी दिली अन् छातीत कळ आली. दवाखान्यातून वापस आली नाई. आठ-पंधरा दिवसानं मी टीव्ही लावला, तं दांडी तशीच. मी बॉल पाठवला." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तं आला वापस. ती गेल्यावर बी बॉल वापस येत होता, मास्तर."

पडद्यावर तो ठिपका इकडून तिकडे चुकत होता, आणि पडद्याच्या वर चुकीचे गुण वाढत होते. विश्वासने नवा गेम गुंडाळून खोक्यात घातला. त्याचे डोळे भरले होते. थोड्या वेळाने त्याने परात ओढली आणि कोणी दंड केला नसताना लसूण सोलायला घेतला.

काका उजव्या खुर्चीत नीट बसले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"मास्तर, बसा डावीकडं."

"पाटावर?"

"हाव. पाटावरच."

मी बसलो. पाट माझ्या मानाने बुटका होता. गुडघे पार छातीशी आले. डाव्या बटणावर हात ठेवला, पण फिरवायचा धीर होईना.

"काका, या बाजूचे नियम काय?"

ते विचारात पडले. नियम सांगताना अडलेले तेजराव काका मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले.

"नियम कायचे," ते म्हणाले. "बॉल आला का वापस पाठवायचा."

त्यांनी उजवं बटण फिरवलं. टुक. बॉल माझ्याकडे यायला निघाला.